पिवळं दिसलं की सोनकी नव्हे
वाचकांचे प्रश्न : सड्यावरची आणि माळरानावरची वर्षायू रानफुलं

पावसाळ्यात आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. सडा म्हणजे पातळ मातीचं सपाट कातळाचं पठार, आणि वर्षायू म्हणजे एका सालातच रुजून, फुलून संपणारी वनस्पती. बहुतेकांनी सोबत फुलाचा समोरून, अगदी जवळून काढलेला देखणा फोटो जोडला आहे. ओळख पटवायला नेमका तोच सगळ्यात कमी उपयोगाचा. पाकळ्यांचा रंग आणि ठेवण कीटकांना बोलावण्यासाठी असते, आणि एकमेकांशी नातं नसलेल्या वनस्पती त्याच कीटकांना बोलावत असल्या तर समोरून सारख्या दिसतात. झाडाचं कूळ आणि जात कळते ती फुलाच्या पाठीमागून, पानांच्या मांडणीवरून आणि फळावरून.

प्रश्न : सप्टेंबरमध्ये कासच्या रस्त्याला आणि आमच्या गावाजवळच्या माळावर एकाच प्रकारचं पिवळं फूल दिसलं. मोबाइलवर शोधलं तर सोनकी म्हणतात, शेतकरी मात्र कारळा म्हणतात. खरं कोणाचं? (सातारा)

उत्तर : बहुधा दोघांचंही. तुमच्या दोन फोटोंत दोन वेगळ्या वनस्पती असाव्यात, असं मागे अर्धवट दिसणाऱ्या पानांवरून वाटतं. सोनकी म्हणजे सेनेसिओ बॉम्बेएन्सिस. जुन्या पुस्तकांत ती सेनेसिओ ग्रॅहमी या नावानं सापडेल. ती पश्चिम घाटातली, इथलीच वर्षायू वनस्पती आहे. कारळा किंवा खुरासणी म्हणजे ग्विझोशिया ॲबिसिनिका. हे तेलबियांचं पीक मूळचं इथिओपियाच्या पठारावरचं. आपल्याकडे पिढ्यानपिढ्या पेरलं जातं आणि शेताबाहेर बांधावर, रस्त्याकडेला आपोआप उगवतं.

दोन्ही सूर्यफुलाच्या कुळातली. म्हणजे आपण ज्याला एक फूल म्हणतो तो खरं तर अनेक बारीक फुलांचा स्तबक असतो : कडेला पाकळीसारखी दिसणारी किरणपुष्पकं, मध्ये नळीसारखी बिंबपुष्पकं. समोरून दोघांत फारसा फरक नाही. स्तबक हलकेच उलटा करा. देठ मोडायची गरज नाही. सोनकीच्या पाठीवर अरुंद, सारख्या लांबीची छदं, म्हणजे स्तबकाला मागून वेढणारी हिरवी पानवजा अंगं, एकाच रांगेत एकमेकांना खेटून उभी असतात, आणि त्यांच्या अगदी तळाशी दोन-चार इवलीशी छदं. कारळ्याला बाहेरून पाच रुंद, हिरवी, पानासारखी छदं असतात. ती साध्या डोळ्यांनी मोजता येतात. एवढ्यावरच दहांपैकी नऊ वेळा निकाल लागतो.

उरलेल्या वेळी खालची पानं बघा. कारळ्याची पानं समोरासमोर, बिनदेठाची आणि खोडाला बिलगलेली. सोनकीची एकाआड एक. चूक होते ती वरची पानं पाहिल्यामुळे, कारण कारळ्याचीही शेंड्याकडची पानं कधीकधी एकाआड एक येतात. खोडाच्या खालच्या अर्ध्या भागातली पानं हाच पुरावा धरा. किरणपुष्पकं कारळ्यात साधारण आठ, टोकाला तीन ठळक दाते. पण सोनकीच्याही टोकाला बारीक दाते असू शकतात, म्हणून हा साक्षीदार दुय्यम. ऑक्टोबरमध्ये फुलं सरली असतील तर काम उलट सोपं होतं. सोनकीच्या फळाला पांढऱ्या रेशमी केसांचा झुबका असतो आणि ते वाऱ्यावर उडतं. कारळ्याचं बी काळं, चकचकीत, बिनकेसांचं.

यात एक तिसरा गडीही आहे. पिवळ्या-नारिंगी फुलांचा कॉसमॉस (कॉसमॉस सल्फ्युरियस) मेक्सिकोकडचा आहे आणि रस्त्याकडेनं डोंगरावर चढतो आहे. त्याची पानं समोरासमोर आणि खोलवर चिरलेली असतात. बी लांबट, टोकाला उलट्या काट्यांचे केस असलेलं, कपड्याला चिकटणारं. आणखी एक सावधगिरी : खोडावर, पानांच्या खाली पांढरी कापसासारखी लव दिसली आणि छदं सोनकीसारखीच एका रांगेत असली तर ती सेनेसिओची दुसरी जात असू शकते. अशा वेळी वहीत ‘सेनेसिओ’ एवढंच लिहून थांबावं. अर्धं पण बरोबर नाव हे पूर्ण पण चुकीच्या नावापेक्षा कामाचं असतं.

प्रश्न : ‘मिकी माउस’ म्हणतात ते फूल म्हणजेच भाजीचा कवळा का? आमच्या गटात चौघांनी चार फोटो टाकले आणि चारही कवळेच निघाले. (पुणे)

उत्तर : चारही कवळे असू शकतात, कारण कवळा हे एका जातीचं नाव नाही, स्मिथिया या प्रजातीतल्या, म्हणजे जवळच्या जातींच्या गटातल्या, बऱ्याच जातींना ते लावलं जातं. आधी प्रजाती पक्की करा, ते अवघड नाही. फूल वाटाण्याच्या फुलाच्या घडणीचं : वर एक मोठी ध्वज पाकळी, दोन बाजूंना पंख, खाली नावेसारख्या जोडलेल्या दोन. पान संयुक्त, त्यातली छोटी पानं म्हणजे पर्णिका जोडीजोडीनं, आणि टोकाला एकटी पर्णिका नसते, त्या जागी केसासारखं टोक असतं. स्पर्श केला किंवा ऊन कलायला लागलं की पर्णिका मिटतात. पानाच्या बुडाशी कागदासारखी पातळ उपपर्णं असतात. आणि सगळ्यात खात्रीची खूण शेंगेची आहे. फूल गळल्यावर शेंग बाहेर लोंबत नाही. ती जपानी पंख्यासारख्या घड्या घालून निदलपुंजाच्या, म्हणजे फुलाच्या बुडाच्या हिरव्या आवरणाच्या, आतच राहते. वाळलेला निदलपुंज दोन बोटांत धरून किंचित उघडा. एकावर एक दुमडलेले गोल सांधे दिसले की प्रजातीबद्दल शंका उरत नाही.

आता जात. ध्वज पाकळीवर दोन लाल ठिपके आणि अंगावर ताठ केस असलेला, सड्यांवर गालिच्यासारखा पसरणारा पिवळा कवळा म्हणजे स्मिथिया हिर्सुटा. मिकी माउस हे लाडाचं नाव याचंच. फूल पिवळं नसून जांभळं आणि त्यावर पांढरे ठिपके असतील तर स्मिथिया पर्प्युरिया. पर्णिकांच्या दोनच जोड्या, म्हणजे एकूण चार पर्णिका, हे स्मिथिया बायजेमिनाचं लक्षण. नावातच ते आहे. मात्र पानं मोजताना एकच पान मोजू नका. खालच्या, मधल्या, वरच्या मिळून पाच-सहा पानांच्या पर्णिका मोजा, कारण शेंड्याकडच्या कोवळ्या पानांत जोड्या कमी असतात आणि त्यावरून कोणताही कवळा बायजेमिना वाटू शकतो. ठिपक्यांवरही फार भिस्त ठेवू नका. फूल दुसऱ्या दिवशी शिळं झालं की रंग उतरतो, आणि कडक उन्हात काढलेल्या फोटोत लाल रंग नारिंगीत विरघळतो.

भिंग असेल तर निदलपुंजाच्या शिरा बघा. काही जातींत त्या एकमेकींना समांतर, सरळ धावतात. काहींत त्यांची जाळी होते. अभ्यासक जातींचे दोन मोठे गट याच खुणेवर पाडतात, कारण ही खूण सुकल्यावरही टिकते आणि रंगासारखी फसवत नाही. दहापट मोठं दाखवणारं हातभिंग पुरतं.

भाजीचा म्हणाल, तर प्रामुख्यानं स्मिथिया सेन्सिटिव्हा : पर्णिका अनेक जोड्यांच्या, ओलसर जागेत पसरणारा. तो खुडतात कोवळा, फुलायच्या आधी. म्हणजे फुलावरून केलेली ओळख भाजीच्या वेळी हाताशी नसतेच. फोटो पाहून किंवा या सदरातलं वर्णन वाचून कोणतीही रानभाजी खाऊ नका. ती दरवर्षी खुडणाऱ्या माणसाबरोबर जाऊन हातात घेऊनच शिकावी.

प्रश्न : ज्वारीच्या वावरालगत गवतात वीतभर उंचीची, बारीक पांढऱ्या फुलांची रोपं आली आहेत. वडील टारफुला म्हणतात आणि उपटून टाकतात. हे रानफूल आहे की तण? इथलंच आहे का? (सोलापूर)

उत्तर : तिन्ही गोष्टी खऱ्या : इथलंच, वर्षायू, आणि ज्वारीचं वैरी. टारफुला म्हणजे स्ट्रायगा. तो गवत आणि तृणधान्यांच्या मुळांना आपलं मूळ जोडून पाणी व अन्न ओढतो. आफ्रिकेत स्ट्रायगा एशियाटिकाची फुलं लाल असतात, आपल्याकडे बहुतांशी पांढरी. त्यामुळे परदेशी चित्रांशी ताडून पाहणारे हमखास गोंधळतात. फुलाची नळी बारीक आणि वरच्या टोकाशी एकदम वाकलेली असते. पानं अरुंद, खरखरीत.

जात ठरवायची ती निदलपुंजाच्या कण्या, म्हणजे उभ्या उठलेल्या शिरा, मोजून. स्ट्रायगा डेन्सिफ्लोरामध्ये पाच, एशियाटिकामध्ये साधारण दहा, अँगस्टिफोलियामध्ये पंधरा. मोजण्याची रीत अशी : निदलपुंजाला पाच दाते असतात. प्रत्येक दात्यात एकच कणी चढते का ते बघा. तेवढीच असेल तर पाच. दोन दात्यांच्या मधल्या खाचेकडेही एक जात असेल तर दहा. दर दात्याच्या वाट्याला तीन येत असतील तर पंधरा. पूर्ण गोल मोजायला गेलात तर सुरुवात कुठून केली ते विसरतं. दोन दात्यांपुरतंच मोजा. ओला निदलपुंज फसवतो, थोडा सुकलेला उजेडासमोर धरला की कण्या उठून दिसतात.

वडील उपटतात ते बरोबरच, फक्त वेळ महत्त्वाची. एका रोपावर हजारो बिया धरतात, धुळीसारख्या बारीक, आणि त्या जमिनीत कित्येक वर्षं जिवंत राहतात. जवळ योग्य मूळ आलं आणि त्यातून पाझरणारी रसायनं पोचली की मगच रुजतात. म्हणून बोंडं तपकिरी व्हायच्या आत उपटा. नंतर उपटलं तर तुमच्याच हातून बी पसरतं. शिवाय रोप जमिनीवर दिसेपर्यंत खालच्या खाली ज्वारीचं बरंच नुकसान झालेलं असतं, तेव्हा या वर्षीपेक्षा पुढच्या हंगामांसाठीच हा खटाटोप. वावरापासून दूर, मोकळ्या माळरानावर असेल तर राहू द्या. तिथे तो गवतावर जगतो आणि गवत त्याला पुरून उरतं.

याच कुळात सड्यावरची पांढरी, लांब नळीची तुतारी (ऱ्हॅम्फिकार्पा लाँगिफ्लोरा) आणि गुलाबी दुधाळी (सोपुबिया डेल्फिनिफोलिया) येतात. त्याही अर्धपरजीवी, म्हणजे स्वतः हिरव्या असूनही दुसऱ्याच्या मुळांतून ओढणाऱ्या. वहीत दाबून वाळवल्यावर तुतारीचं रोप काळं पडतं. नमुना कुजला असं समजून बरेच जण ते फेकून देतात. ते कुजलेलं नसतं, हा त्या वनस्पतीचा गुणच आहे.

प्रश्न : निळी, तीन पाकळ्यांची फुलं सगळी केनाच का? (कोल्हापूर)

उत्तर : कूळ केन्याचं, पण प्रजाती तीन तरी वेगळ्या, आणि त्या ओळखायला आधी सहपत्र, म्हणजे फुलांच्या बुडाशी असलेलं पान, मग पुंकेसर बघायचे. केना म्हणजे कॉमेलिना. त्याची फुलं दुमडलेल्या, नावेसारख्या हिरव्या सहपत्रातून बाहेर येतात. असं सहपत्र दिसलं की पुढे बघायलाच नको. नेहमीच्या केन्यात, कॉमेलिना बेंगालेन्सिसमध्ये, त्या सहपत्राच्या कडा बुडाशी जुळून फनेलसारखा आकार होतो आणि पानाच्या आवरणावर तांबूस केस असतात. त्याला जमिनीखालीही न उमलणारी फुलं येतात. रोप उपटल्यावर पांढऱ्या फांद्यांवर ती दिसतात आणि लोक त्यांना मुळांच्या गाठी समजतात.

नावेसारखं सहपत्र नसेल, तिन्ही पाकळ्या जवळपास सारख्या आणि सुट्या असतील, तर पुंकेसर मोजा. तीन पूर्ण आणि तीन खुरटे, वांझ असतील तर मर्डॅनिया. सड्यावरची अबोलिमा यातलीच. सहाही पूर्ण आणि त्यांच्या तंतूंवर दाट निळे-जांभळे केस असतील, पाकळ्या मध्यावर जुळून नळी झालेली असेल, तर सायनोटिस, म्हणजे आभाळी. सायनोटिस ट्यूबरोसा मात्र वर्षायू नाही. तिची मुळं कंदासारखी फुगलेली असतात.

घड्याळाकडे लक्ष ठेवा. केना सकाळी उमलतो आणि दुपारपर्यंत मिटतो, उलट अबोलिमा दुपारी बहरात असते. या कुळातल्या पाकळ्या इतक्या पाणीदार असतात की खुडलेलं फूल घरी पोचेपर्यंत त्याचा लगदा होतो, आणि वहीत दाबलं तर कागदावर निळा डाग तेवढा उरतो. जागेवरच, भिंगातून, पुंकेसर मोजून लिहून ठेवा.

प्रश्न : सड्यावर बोटभर उंचीचा तेरडा दिसला. खत-माती कमी म्हणून खुजा राहिला असेल का? (रत्नागिरी)

उत्तर : पानं बघा. नेहमीचा तेरडा, इम्पेशन्स बाल्समिना, एकाआड एक पानांचा आणि लवयुक्त फळाचा असतो. कितीही खुरटला तरी हे बदलत नाही. पानं समोरासमोर असतील तर तो वेगळा. कातळसड्यांवर इम्पेशन्स लॉई आणि अरुंद पानांचा इम्पेशन्स ऑपोझिटिफोलिया हे छोटे तेरडे सापडतात. दोघांत निवड करायची तर फुलाच्या मागची शुंडिका, म्हणजे शेपटीसारखी नळी, बाजूनं दिसेल असा फोटो हवा. तुमच्या फोटोत ती पाकळ्यांच्या आड गेली आहे.

प्रश्न : वनस्पती वर्षायू आहे हे न उपटता कसं ओळखायचं? (नाशिक)

उत्तर : एका खुणेवर ठरत नाही, तीन-चार जुळवाव्या लागतात. बुडाशी गेल्या वर्षीच्या वाळक्या काड्यांची थोटकं किंवा जळलेली, लाकडासारखी जाड गाठ असेल तर ती बहुवर्षायू. रोपाच्या सगळ्या फांद्यांच्या टोकाला फुलं-कळ्या असतील आणि एकही नुसती पानांची फांदी नसेल तर वर्षायूकडे झुकतं माप द्या. वर्षायू रोपाला पुढच्या सालासाठी काही राखून ठेवायचं नसतं. बोटानं बुडाची माती जराशी सरकवा. एकच बारीक सोटमूळ सरळ खाली गेलेलं दिसलं तर आणखी एक मत पडलं. माती पुन्हा लोटून दाबा. जांभ्यावरच्या सड्यांवर मातीचा थर काही बोटांचाच असतो, उघडं पडलेलं मूळ एका दुपारीत वाळतं.

फुलण्याची वेळही बोलते. पहिल्या पावसानंतर आठ-दहा दिवसांत फुललेली वनस्पती वर्षायू असणं जवळजवळ अशक्य. बी रुजून, वाढून फुलायला तेवढे दिवस पुरत नाहीत. काळी मुसळी, दीपकाडी यांनी जमिनीखाली साठा करून ठेवलेला असतो, म्हणून त्या लवकर येतात. सोनकी, कवळा, तेरडा ऑगस्टनंतर.

आणि ‘फुलून मेली, म्हणजे वर्षायू’ हा नियम लावू नका. कारवी साधारण सात वर्षांनी एकदाच फुलते, बी धरते आणि मरते. ती वर्षायू नव्हे.

प्रश्न : मोबाइलचं ॲप एकाच रोपाच्या तीन फोटोंना तीन नावं देतं. कोणतं धरावं? (ठाणे)

उत्तर : एकही नाही, पण तिन्हींत कूळ एकच आलं असेल तर कूळ धरा. ॲप चित्र जुळवतं. त्याच्याकडे ज्या जातीचे फोटो भरपूर, तिकडे ते ओढलं जातं, आणि बागेतल्या फुलांचे फोटो सड्यावरच्या दुर्मीळ जातींपेक्षा कितीतरी जास्त असतात. आयनॅचरलिस्टसारख्या, निसर्गातल्या नोंदींच्या संकेतस्थळावर फोटो टाकलात तर माणसंही बघतात, ते बरं. पण त्यांनाही पुरावा लागतो.

एका रोपाचे निदान इतके फोटो काढा : आजूबाजूच्या जमिनीसह पूर्ण रोप, खोडाचा मधला भाग पानं कशी जोडली आहेत ते दिसेल असा, पानाची खालची बाजू, फूल बाजूनं, फूल मागून, आणि शेजारच्या जुन्या रोपावर फळ असेल तर ते. समोरचा फोटो शेवटी, हौसेसाठी. कॅमेरा निळ्याला जांभळं करतो, म्हणून रंग डोळ्यांनी पाहून लिहा. मापासाठी रुपयाचं नाणं ठेवू नका. २०११ च्या मालिकेतलं नाणं साधारण २२ मिमी, २०१९ चं २० मिमी, त्याआधीची काही २५ मिमी. दोन मिलिमीटरवर जात बदलते तिथे हा फरक नडतो. पट्टीचा दहा सेंटिमीटरचा तुकडा खिशात ठेवा.

एवढं करूनही अडलं तर फोटो, तारीख, जागा आणि उंची लिहून पुण्यातल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागाकडे किंवा आघारकर संशोधन संस्थेकडे विचारणा करता येते. दोन्हीकडे वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह आहे.

प्रश्न : सोनकी-कवळ्याचं बी गोळा करून आमच्या गावामागच्या उघड्या डोंगरावर टाकलं तर तोही कासासारखा फुलेल का? (मुंबई)

उत्तर : टाकू नका. कास २०१२ पासून जागतिक वारसा यादीतल्या पश्चिम घाटाचा भाग आहे, आणि तिथून रोप, फूल किंवा बी उचलायला परवानगी नाही. कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब जमत नाही. सड्यावर ही फुलं येतात कारण तिथे माती पातळ, पावसात पाणी साचतं आणि हिवाळ्यानंतर सगळं कोरडं ठाक पडतं. मोठी झुडपं, उंच गवत तिथे टिकत नाही, म्हणून लहान वर्षायूंना जागा मिळते. तुमच्या डोंगरावर माती खोल असेल तर दोन वर्षांत गवत त्यांना झाकून टाकेल. आणि विकत मिळणाऱ्या ‘रानफुलांच्या मिश्र बियाण्यात’ बऱ्याचदा कॉसमॉस असतो.

डोंगर उघडा का पडला ते आधी शोधा. गुरं वर्षभर चरत असतील तर पंधरा-वीस पावलं लांबी-रुंदीचा एक तुकडा जूनपासून नोव्हेंबरपर्यंत कुंपण घालून राखा, आणि काही न पेरता काय उगवतं त्याची महिन्याला दोनदा नोंद करा. ती यादी आणि वर सांगितले तसे फोटो पाठवलेत तर त्यातली नावं लावून देऊ.